धक्का कितीचा ते छापता, किती खोलवरचा तेही छापा

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

२०२४ या एका वर्षात विदर्भाखालची जमीन बरेचदा हलली. २१ मार्चला सकाळी ६ वाजून ८ मिनिटांनी शेजारच्या हिंगोलीत ४.५ चा धक्का बसला आणि अकरा मिनिटांनी तिथंच ३.६ चा दुसरा. १० जुलैला सकाळी सव्वासातच्या सुमारास पुन्हा हिंगोलीतच ४.५, तो वाशीम-यवतमाळपर्यंत जाणवला. ३० सप्टेंबरला भर दुपारी १ वाजून ३७ मिनिटांनी आमच्या अमरावती जिल्ह्यात, चिखलदऱ्याच्या बाजूला ४.२. आणि ४ डिसेंबरला सकाळी तेलंगणातल्या मुलुगूचा ५.३, ज्यानं गडचिरोली, चंद्रपूर आणि नागपूरपर्यंत लोकांना घराबाहेर काढलं.

या सगळ्याच्या बातम्या आल्या. त्यात वेळ होती, तीव्रता होती, केंद्रबिंदू होता आणि 'कोणतीही जीवितहानी नाही' हे वाक्य होतं. खोली मात्र कधी अगदी शेवटच्या ओळीत आणि कधी अजिबातच नाही. मी अचलपूर तालुक्यात बोअर मशीन चालवतो. वडिलांनंतर धंदा माझ्याकडं आला. आमच्या धंद्यात शेतकरी पहिला प्रश्न विचारतो तो 'किती फुटावर?' पाणी किती, ते त्याच्यानंतर. त्यामुळे भूकंपाच्या बातमीतही माझी नजर आधी खोलीवर जाते, आणि या पत्राचं कारणही तेवढंच आहे.

हिंगोलीच्या तिन्ही धक्क्यांची राष्ट्रीय भूकंप केंद्रानं जाहीर केलेली खोली पाहा. २१ मार्चचा पहिला धक्का १० किलोमीटर, दुसराही १० किलोमीटर, जुलैचाही १० किलोमीटर. नऊ नाही, बारा नाही, बरोबर दहा. मोजणाऱ्यांच्या हेतूवर मी शंका घेत नाही. यंत्रं लांब असली की खोली गणितातून नीट सुटत नाही. अशा वेळी उथळ भूकंपासाठी १० किलोमीटर असा ठरीव आकडा धरून बाकीचं गणित सोडवायचं, अशी जगभरातल्या केंद्रांची रीत आहे. लागोपाठ तीनदा बरोबर दहाच येतात तेव्हा मला त्यामागे हीच रीत दिसते. म्हणजे जो आकडा आपण मोजलेला समजून वाचतो, तो बहुधा धरलेला असतो.

यंत्र लांब असल्यानं खोली का सुटत नाही, हे दहावीच्या मुलालाही कळेल. भूकंप झाला की खडकातून मुख्य दोन लाटा निघतात. पहिली दाबाची. ती वरच्या खडकातून सेकंदाला साधारण ६ किलोमीटर धावते. दुसरी आडवी हलवणारी, तिचा वेग सेकंदाला साडेतीन किलोमीटरच्या आसपास. म्हणून आधी धाडकन आवाज येतो आणि मग भांडी वाजतात. यंत्रावर या दोन लाटांमध्ये जितक्या सेकंदांचं अंतर पडतं, त्याला साधारण आठनं गुणलं की भूकंपाची जागा त्या यंत्रापासून किती किलोमीटरवर आहे ते कळतं. आता समजा, यंत्र १०० किलोमीटर दूर आहे. धक्का ५ किलोमीटर खोल असेल तर यंत्रापासून त्याचं तिरपं अंतर भरतं १००.१ किलोमीटर. तोच १५ किलोमीटर खोल असेल तर १०१.१. फरक एका किलोमीटरचा, घड्याळात सेकंदाचा जेमतेम आठवा हिस्सा. एवढा फरक मधल्या खडकाच्या वेगाचा अंदाज जरासा चुकला तरी बुडून जातो. पण तेच यंत्र केंद्रबिंदूपासून पाच किलोमीटरवर असेल, तर पहिल्या धक्क्याचं अंतर ७ आणि दुसऱ्याचं जवळपास १६ किलोमीटर भरेल. सेकंदाहून जास्त फरक पडेल, कोणालाही कागदावर दिसेल असा. खोली मोजायची तर यंत्र जवळ हवं, याला दुसरा इलाज नाही. देशात राष्ट्रीय केंद्राची दीडशेहून जास्त कायमची ठाणी आहेत. त्यांच्यावर देशाचं क्षेत्रफळ वाटलं तर दोन ठाण्यांमध्ये सरासरी शंभर किलोमीटरच्या वर अंतर पडतं. मोठा भूकंप पकडायला तेवढं पुरतं. मेळघाटातल्या दोन-अडीचच्या धक्क्याची खोली काढायला ते पुरत नाही.

खोली कळून काय होणार, असं कोणी विचारेल. त्यानं किल्लारी आणि जबलपूर शेजारी ठेवून पाहावं.

लातूर जिल्ह्यातलं किल्लारी, ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. अनंत चतुर्दशीचं विसर्जन करून लोक नुकते झोपले होते. भूकंप ६.२ चा, पण अगदी उथळ, आणि वर जाड दगडी भिंती मातीत रचलेल्या. सुमारे दहा हजार माणसं गेली. (आमच्याकडचा २०२४ चा धक्काही ३० सप्टेंबरलाच बसला. तारखा जुळण्यात भूगर्भाचा काही संबंध नाही, हे इथंच सांगून टाकतो, कारण लोक तसा संबंध लावतात.) आणि २२ मे १९९७ ला पहाटे जबलपूरला ५.८ चा भूकंप झाला तो सुमारे ३५ किलोमीटर खोल. तिथं चाळीसच्या आसपास बळी गेले. तीव्रता कमी होती, वस्ती वेगळी, घरं वेगळी, हे सगळं खरं. पण खोलीचा फरकही त्यात आहेच. उथळ भूकंप थोड्या जागेत सगळा जोर काढतो. खोल भूकंपाचा जोर वर येईपर्यंत पसरून जातो, तो लांबवर जाणवतो आणि एका ठिकाणी तेवढा तीव्र राहत नाही.

यात शास्त्रज्ञांना कोडं घालणारी गोष्टही आहे. साधारणपणे खंडांच्या पोटात पंधरा-वीस किलोमीटरखाली खडक इतका तापलेला असतो की तो तुटत नाही, दाबला तर हळूहळू वाकतो. तरी नर्मदा-शोणच्या पट्ट्यात ३५ किलोमीटरवर खडक तुटला. सातपुड्यात १४ मार्च १९३८ रोजी झालेला मोठा भूकंपही असाच खोलवरचा, सुमारे ४० किलोमीटरचा मानतात. म्हणजे या पट्ट्याखालचा खडक एवढ्या खोलीवरही कडक आहे, ठिसूळ आहे, ताण साठवून ठेवू शकतो. आमचा मेळघाट याच सातपुड्याचा दक्षिण काठ. मग आमच्या पायाखाली बसणारे धक्के किल्लारीसारखे वरवरचे की जबलपूरसारखे तळातले? हा प्रश्न मी दोन जाणत्या माणसांना विचारला. दोघांनीही तेच सांगितलं, जवळ यंत्रं असल्याशिवाय उत्तर देता येणार नाही.

बोअरवाल्याच्या डोळ्यांनी आमचा भाग पाहिला तर हा प्रश्न किती खरा आहे ते कळतं. परतवाड्याहून उत्तरेला पाहिलं की गाविलगडचे डोंगर सरळ उभे दिसतात. वर डोंगरावर हात-दोन हातांवर काळा पाषाण लागतो. पायथ्याशी उतरलं की गोटे. हॅमर खाली जातो आणि वरून गोटे भोकात कोसळतात, केसिंग, म्हणजे भोकाला आतून आधार देणारा पाइप, टाकल्याशिवाय पुढं जाता येत नाही. तीच मशीन दक्षिणेला दर्यापूरकडं नेली की गाळामागून गाळच निघत राहतो, शेकडो फूट गेलं तरी पाषाण हाती लागत नाही, आणि पाणी लागलं तर खारं. खारपाणपट्टा म्हणतात तो हाच. एवढ्याशा अंतरात पाषाण इतका खाली का गेला? कारण डोंगराच्या पायथ्यानं जमिनीत एक जुनी मोठी भेग गेली आहे आणि तिच्या दक्षिणेचा भाग खाली बसला आहे. भूशास्त्राच्या नकाशावर तिला गाविलगड भ्रंश म्हणतात. पुढं मोर्शी तालुक्यात सालबर्डीला गरम पाण्याचे झरे आहेत ते डोंगराच्या याच बाजूला. पाणी खोल भेगांत उतरून तापल्याशिवाय गरम होऊन वर येत नाही. चिखलदऱ्याचा धक्का या भेगेवरचा होता, असं मी म्हणत नाही. ते मला ठरवता येणार नाही, आणि खोली मोजल्याशिवाय कोणालाच ठरवता येणार नाही.

धक्के बसले की आमच्या धंद्याकडं बोट दाखवलं जातं. वावरात मशीन उभी केली की कोणी ना कोणी म्हणतोच, "भाऊ, तुमच्या बोअरायनं भुई पोकय झाली म्हणून हालते न?" भूजल उपशाबद्दल आमच्यावर टीका व्हावी, ती रास्त आहे. वरूड-मोर्शीच्या संत्र्यासाठी हजार-हजार फूट खाली जावं लागतं, हे चांगलं लक्षण नाही. पण हजार फूट म्हणजे ३०५ मीटर. १० किलोमीटर म्हणजे ३२,८०० फूट. साडेसहा इंची भोकानं तेवढ्या खालचा खडक पोकळ होत नाही. पाण्याचा आणि भूकंपाचा संबंध आहे, पण तो वेगळ्या मापाचा. कोयनेचं शिवाजीसागर भरल्यावर तिथं धक्के सुरू झाले आणि ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे ६.३ चा भूकंप झाला. अफाट पाण्याचं वजन आणि भेगांत उतरणाऱ्या पाण्याचा दाब, यामुळं आधीच ताणलेला खडक सुटला. धरणानं ताण निर्माण केला नाही. साठलेल्या ताणाला वाट मिळाली. आमच्याकडं २०१८ च्या पावसाळ्यात धारणी तालुक्यातल्या साद्राबाडीकडं धक्क्यांमागून धक्के बसले तेव्हा कोरकू वस्त्यांमधली माणसं रात्री अंगणात काढत होती. त्या धक्क्यांत मुरलेल्या पावसाच्या पाण्याचा वाटा होता का, हेही खोलीवरूनच ठरतं. पाणी ज्या खोलीपर्यंत पोचू शकतं तिथंच धक्के असतील तर एक अर्थ, त्याच्या कितीतरी खाली असतील तर वेगळा.

किल्लारीनंतर हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिक संशोधन संस्थेनं तिथं ६१७ मीटरचा बोअर घेतला. त्याची माहिती वाचताना मला आमच्याच धंद्यातल्या कोणाची वही वाचल्यासारखं वाटलं. काळा पाषाण ३३८ मीटरवर, म्हणजे अकराशे फुटांवर संपला. मग जेमतेम ८ मीटर गाळाचा थर, आणि त्याखाली अतिप्राचीन खडक. कोयनेला हाच काळा पाषाण सव्वा किलोमीटरपर्यंत गेला. तिथं ३ किलोमीटर खोलीचा बोअर घेतला गेला आणि त्या कामासाठी कऱ्हाडला केंद्र सरकारची स्वतंत्र प्रयोगशाळा उभी आहे. विदर्भात बोअर मशीनची भुकटी पाहिली की आम्हाला थर कळतात. काळी भुकटी, मग पांढऱ्या कणांची ठिसूळ, मग लाल. लाल आली की समजायचं, लाव्ह्याचा एक थर संपला, खाली त्याच्या आधीचा दुसरा. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचे हे थर. कोणत्या गावी किती फुटांवर काय लागलं, ही माहिती रोज आमच्यासमोर बाहेर पडते आणि पावसात वाहून जाते. नोंद कोणी मागत नाही. ही नोंद मागितली पाहिजे. लाटांचा वेग खडकावर अवलंबून असतो आणि वरच्या हजार फुटांत खडक काय आहे, हे आमच्याइतकं कोणी पाहिलेलं नाही.

त्याखालचं मात्र कोणत्याही मशीनच्या आवाक्यातलं नाही. माणसानं मारलेला सगळ्यात खोल बोअर रशियातल्या कोलाचा, १२,२६२ मीटर. तिथं तळाला १८० अंश तापमान लागलं आणि पुढं जाणं थांबलं. जबलपूरचा खडक जिथं तुटला त्याच्या जेमतेम तिसऱ्या हिश्श्यापर्यंत तो पोचला. पृथ्वीच्या मध्यापर्यंत ६,३७१ किलोमीटर आहेत. तिथली जी काही माहिती माणसाला आहे, तिचा मोठा भाग भूकंपाच्या लाटांनीच वर आणून दिला. आणि या कामात आपल्या देशाचा वाटा मोठा आहे, तो शाळेत शिकवला पाहिजे. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणात असलेल्या रिचर्ड ओल्डहॅम यांनी १२ जून १८९७ च्या आसाम भूकंपाचा अभ्यास केला. दूरदूरच्या यंत्रांवरच्या नोंदींमध्ये वेगवेगळ्या लाटा त्यांना ओळखता आल्या, आणि १९०६ मध्ये त्यांनी लाटांच्या वेळांवरूनच दाखवून दिलं की पृथ्वीच्या पोटात वेगळा गाभा आहे. मग १९३६ मध्ये डेन्मार्कच्या इंगे लेमान यांनी न्यूझीलंडच्या भूकंपाच्या नोंदींवरून गाभ्याच्या आत आणखी एक गाभा शोधला. म्हणजे मेळघाटात ठेवलेलं एक चांगलं यंत्र मेळघाटापुरतं राहत नाही. जपान किंवा इंडोनेशियात मोठा भूकंप झाला की त्याच्या लाटा आमच्या डोंगराखालून वर येतात, आणि कवचाच्या तळाशी त्यांच्यात जो बदल होतो त्यावरून त्या यंत्राच्या बरोबर खाली कवच किती जाड आहे, हे काढता येतं.

म्हणून माझं म्हणणं एवढंच की यंत्रं कायमची हवीत. धक्क्यांची मालिका सुरू झाली, वर्तमानपत्रात बोंब झाली की पथक येतं, तात्पुरती यंत्रं लावतं, मालिका ओसरली की यंत्रं जातात. येणाऱ्या शास्त्रज्ञांची मेहनत मी पाहिली आहे, त्यांच्याबद्दल तक्रार नाही. पण ताण धक्क्यांच्या दिवसातच साठत नाही. भारताचा सबंध तुकडा वर्षाला सुमारे ५ सेंटिमीटर ईशान्येकडं सरकतो आणि हिमालयाशी अडतो. तो दाब आपल्या पठारापर्यंत येतो. किल्लारी आणि जबलपूर दोन्हीकडं एका बाजूचा खडक दुसऱ्या बाजूवर चढला, तो याच दाबानं. पठाराच्या आतला हा ताण इतका मंद साठतो की अचूक जीपीएस केंद्रं वर्षानुवर्षं एका जागी ठेवली तरच तो दिसतो. चार महिन्यांच्या मुक्कामात तो कसा दिसणार? आणि जीपीएसचा खांब रोवायचा तर तो काळ्या मातीत रोवू नये, हे मी अनुभवानं सांगतो. आमची काळी जमीन उन्हाळ्यात फाटते, पावसात फुगते. घरांच्या भिंती दरवर्षी तडकतात त्या भूकंपानं नाही, या मातीनं. खांब पाषाणापर्यंत नेऊन बसवला तरच तो जे सांगेल ते खडकाबद्दल असेल.

घरांबद्दल एकच सांगतो, कारण त्याला यंत्रांची वाट पाहण्याची गरज नाही. किल्लारीचा भाग भूकंपाच्या आधीच्या नकाशात सगळ्यात सुरक्षित, म्हणजे पहिल्या विभागात होता. २००२ च्या नकाशात तो पहिला विभागच काढून टाकला. त्या नकाशात विदर्भाचा मोठा भाग दुसऱ्या विभागात, म्हणजे उरलेल्यांतल्या सगळ्यात सौम्य विभागात होता. तेवढ्यावर निर्धास्त राहू नये. घरकुल बांधताना पायावर, दार-खिडकीच्या वर आणि छताखाली सगळ्या भिंतींना बांधून घेणारा सळईचा काँक्रीट पट्टा अखंड जाईल, हे हप्ता देताना तपासावं. जुन्या कवेलूच्या घरांत दगडी भिंतीच्या दोन पदरांना जोडणारे आरपार लांब दगड बसवून घ्यावेत. खर्च फार नाही.

संपादक महोदय, आपल्याकडून मला दोन गोष्टी हव्या आहेत. पुढच्या वेळी बातमीत खोली ठळक छापा आणि ती मोजलेली की धरलेली, हे केंद्राला विचारून त्याच ओळीत छापा. वाचक विचारू लागले की मोजणारेही यंत्रं मागू लागतील. आणि चिखलदरा, धारणी, सालबर्डी या पट्ट्यात चार-पाच कायमची ठाणी बसावीत, त्यांच्या नोंदी मराठीत ग्रामपंचायतीच्या फलकावर लागाव्यात, यासाठी आपल्या वृत्तपत्रानं जिल्ह्याच्या खासदारांकडं आणि पृथ्वी विज्ञान मंत्रालयाकडं पाठपुरावा करावा.

जागेची अडचण कोणी सांगू नये. भूकंपमापक जमिनीवर ठेवला तर त्यात ट्रकची, मोटारपंपाची, थ्रेशरची थरथर मिसळते. तोच खाली खडकात बसवला तर नोंद स्वच्छ मिळते. पायथ्याच्या गावांत साडेसहा इंची कोरडे बोअर कितीतरी पडून आहेत. शेतकऱ्यानं कर्ज काढून मारले, पाणी लागलं नाही, तोंडावर दगड ठेवून दिला. एकेक भोक पाषाणात उभं, तयार. माझ्या स्वतःच्या वावरात असाच एक कोरडा बोअर आहे. वरच्या गोट्यांपुरतं केसिंग आहे, त्याखाली सलग काळा पाषाण, थरांची नोंद माझ्याकडं लिहिलेली आहे. डांबरी रस्ता लांब आहे, शेतात वीज आहे आणि राखणीला माणूस असतो. शासनाच्या कोणत्याही संस्थेनं यंत्र आणावं, मी तो बोअर भाडं न घेता लिहून द्यायला तयार आहे. आसपासच्या चार शेतकऱ्यांशीही बोललो आहे, त्यांचीही तयारी आहे. माझा पत्ता आपल्या कार्यालयाकडं दिला आहे, मागणाऱ्या संस्थेला तो द्यावा.

आपला,
एक बोअर मशीनधारक,
ता. अचलपूर, जि. अमरावती